येडी नदीचा चिखल बाटलीत भरताना

लोक देव पाहायला जातात, लोणार पाहायला जातात. आताची पोरं तर नुसते फोटो काढायला जातात. मी आयुष्यातला पहिला मोठा प्रवास केला तो चिखल पाहायला. नातीनं हा ब्लॉग काढून दिला आणि म्हणाली, "आजी, प्रवासाचं लिही, वाचणाऱ्याला जायला उपयोगी पडेल असं." म्हटलं, चिखल पाहायला कोण जातंय? पण लिहिते. माझी शाळा तिसरीपर्यंत. ऱ्हस्वदीर्घ नात पाहील, बाकीचं माझं मी पाहते.

महाराष्ट्र तेव्हा नवा नवा झाला होता. आमच्या गावातले म्हातारे पत्ता सांगताना अजून मध्य प्रदेशच म्हणायचे. गाव जानेफळच्या पलीकडे, येडी नदीच्या काठाला. नकाशात शोधत बसू नका, सापडायची नाही. श्रावणात डोकं फिरल्यासारखी धावते म्हणून येडी, आणि उन्हाळ्यात नुसती वाळू. त्या वाळूत हातभर खड्डा केला की खालून पाणी पाझरतं. त्याला आम्ही झिरा म्हणतो. वाटीवाटीनं घागर भरायची, पण पाणी असं गोड की विहीर असलेल्या गावचे पाहुणेही मागून प्यायचे.

मग वरच्या अंगाला टेकडीवर दगडाची खदान निघाली. रस्त्यांना गिट्टी लागते, लागू दे. पण गिट्टी गाडीत भरून जायची आणि मागे उरलेली दगडाची भुकटी, मुरूम, माती, सगळं नदीच्या उतारावर. पाऊस आला की ते पाण्यात. दोन वर्षांत आमच्या वाळूवर करड्या गाळाचा असा थर बसला, जणू कुणी नदी सारवून ठेवली. त्या वर्षी उन्हाळ्यात झिरा फुटलाच नाही. आम्ही बाया टेकडीपलीकडच्या विहिरीवरून पाणी आणायचो. माझ्या थोरल्या जावेला दिवस गेले होते, ते त्या चढानं वाया गेले. हे घरात कुणी मोठ्यानं बोललं नाही, पण माझ्या सासऱ्यांनी त्याच आठवड्यात सरकारात अर्ज केला.

आणि चक्क साहेब आला! पुण्याचा, पाटबंधारे खात्याचा, डोक्यावर टोपी, पायात बूट. जीप जानेफळच्या पुढे चिखलात रुतली, म्हणून गावात आला तो बैलगाडीत, म्हणजे आमच्या भाषेत बंडीत, गवतात गुंडाळलेल्या काचेच्या बाटल्यांची पेटी मांडीवर धरून. त्यानं चावडीवर समजावून सांगितलं. खदानीच्या वरचं पाणी भरायचं, खालच्या दोन-तीन पाणवठ्यांवरचं भरायचं. बाटली उभी ठेवली की गाळ तळाशी बसतो. मग ते पाणी कागदातून गाळायचं, कागद वाळवून वजन करायचं. खालच्या पाण्यात गाळ जास्त निघाला तर खदानीच्या ठेकेदाराला भुकटीचा ढीग हलवावा लागेल. नाही निघाला तर अर्ज फाइलीत झोपणार. आणि आम्ही चढावर.

अडचण एकच. पाणवठे बायांचे. तिथं परका पुरुष टोपी घालून उभा राहिला तर बाया पाणी भरायच्या सोडून घरी जातील आणि घरचे गडी काठ्या घेऊन येतील. म्हणून बाटल्या भरायला बाई पाहिजे. सासऱ्यांनी मला उभं केलं, कारण गावात सगळ्यात कमी लाजणारी मीच. आणि माझ्यावर नजर ठेवायला आत्या. ही माझ्या सासऱ्यांची विधवा बहीण. तोंडात दात मोजके, पण जीभ शाबूत.

"आत्या, तुम्ही येऊन राह्यल्या का?" मी विचारलं.

"चिखलाले कोण जाते वं! पण साहेब म्हणते मेहकरपर्यंत एस्टीनं नेतो. मंग लोणार दाखवशीन का रे बापू?"

साहेब हो म्हणाला. बिचाऱ्याला वाटलं, म्हातारी विसरेल.

पहिल्या दिवशी सकाळी निघालो. रात्री पाऊस झाला होता, येडी भरून चालली होती. खदानीच्या वर गेलो तिथं पाणी लालसर, पण हात बुडवला तर बोटं दिसत होती. मी लुगडं खोचून मांडीभर पाण्यात उतरले. साहेब काठावरून ओरडत होता, "बाई, तोंड प्रवाहाकडे! तोंड प्रवाहाकडे!" मी माझं तोंड प्रवाहाकडे केलं. तो म्हणाला, "तुमचं नाही हो, बाटलीचं!" आत्या बंडीत बसल्या बसल्या अशी हसली की बैल बुजले.

तिकडं कुणी जाणार असाल तर एक सांगते: श्रावणात बूट घालू नका. आमची काळी माती बूट ठेवून घेते. साहेबाचा डावा बूट आम्ही दोनदा उकरून काढला.

दुपारी खदानीवर पोचलो. मुकादम आधीच खाट टाकून, चहा उकळून बसला होता. आम्ही येणार हे त्याला कसं कळलं, देव जाणे. हातोडे चालू, पण टोपल्या बंद. साहेब फिरतोय तोवर नदीत काही लोटायचं नाही, असा हुकूम असावा. माल नुसता काठाशी साचत चालला होता, उंच, करडा.

"साहेब, पावसाळ्यात कोणती नदी गढूळ नाई होत?" मुकादम गोड आवाजात म्हणाला. "या बाया उगीच बोंबलून राह्यल्या. येडीचा सोभावच तसा हाय."

"नदीचा सोभाव तुले काऊन माहीत?" आत्या म्हणाली. "तू तं परवा आला."

साहेबानं चहा घेतला. आत्यानं दोनदा घेतला, आणि म्हणाली की गूळ कमी आहे.

खदानीच्या खाली आमच्या पाणवठ्यावरची बाटली भरली, ती हातात धरली तर पलीकडचं बोट दिसेना. साहेबाचा चेहरा खुलला. मी सुद्धा मनात म्हटलं, झालं काम. वाटेत बाभळीखाली भाकरी सोडली. ज्वारीची भाकरी, ठेचा, कांदा. साहेबानं ठेचा चटणी समजून बोटभर खाल्ला. मग गाळबीळ न बघता त्यानं तांब्याभर पाणी पिऊन टाकलं.

मुक्काम खालच्या गावाला, आत्याच्या लेकीच्या सासरी. तिथली घरधनीण म्हणजे आत्याची विहीण, ठकूबाई. आमच्याकडे विहिणी भेटल्या आणि एकमेकींना टोमणे मारले नाहीत तर लोक विचारतात, भांडण झालं का? म्हणून पाय धुवायला तांब्या आला, तसं आत्यानं सुरू केलं.

"काय वं विहीणबाई, हे पाणी हाय का ताक हाय?"

"तुमच्याच गावाकून येते, विहीणबाई. तुम्हीच घुसळून पाठोता."

"आमच्याइथं आम्ही निवळून पेतो. तुमच्या बायांले निवळणं माहीत नाई असं दिसते."

सगळे हसले. ठकूबाई हसली नाही. मी तेव्हाच ओळखायला पाहिजे होतं. पण माझं लक्ष चुलीवरच्या पोळ्यांकडे होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिथल्या पाणवठ्यावर बाटली भरली. साहेब बाभळीच्या आड पाठ करून उभा, बाया तोंडाला पदर लावून हसतायत. हीपण बाटली गढूळ. आता आकाश मोकळं झालं होतं, पण त्याची कुणाला चिंता? बाटल्या भरलेल्या होत्या. ओसरीवर पेटी ठेवली आणि जेवायला बसलो. ठकूबाईनं पुरणपोळी केली होती. तूप वाटीनं. "अजून एक, साहेब. सरकारची शपथ." कुणी सरकारची शपथ घालताना मी पहिल्यांदाच ऐकलं. साहेब पाच खाऊन ओसरीवरच आडवा झाला, मी माजघरात. आत्या घोरत होती, म्हणजे ती तरी निर्दोष.

उठले ती साहेबाच्या आवाजानं. तो ओरडत नव्हता, कण्हत होता.

पेटी उघडी. बाटल्या राखेनं घासून लखलखीत. आणि आत पाणी असं, की पलीकडचा खांब दिसावा. प्रत्येक बुचावर धुतलेल्या फडक्याची गाठ. एका बाटलीत तर तुळशीचं पान.

"ठकूबाई," मी म्हटलं, "हे काय केलं वं माय?"

ती कमरेवर हात ठेवून उभी. "काय केलं? गढूळ पाणी सरकारात पाठोता का? आमच्या गावचं नाव बुडवायचं हाय का? तुरटी फिरवली, निवळून घेतलं, गाळून भरलं. आता म्हणा म्हणाव विहीणबाईले, आमच्या बायांले निवळता येत नाई!"

"अन् गाळ?"

"परसात. दोडक्याच्या आळ्यात."

वरच्या जागेच्या बाटलीला तिनं हात लावला नव्हता. "ते तं बरंच होतं की," म्हणाली. म्हणजे आता हिशेब असा झाला, की येडीचं पाणी खदानीच्या वर लालसर आणि खदानीच्या खाली गंगाजळ. हे कागद गेले असते तर सरकारनं प्रत्येक नदीवर एकेक खदान काढून दिली असती.

साहेब पायरीवर बसला. "पुन्हा भरू," मी म्हटलं. तो म्हणाला, "बाई, पाऊस थांबला. नदी उतरतेय. उद्यापर्यंत ढीग धुऊन यायचा नाही, पाणी साधारणच दिसेल. आणि परवा मला मेहकरला बाटल्या द्यायच्याच आहेत." मग अगदी हळू म्हणाला, "तुमचा झिरा गेला हो."

आत्या उठून आली. तिनं सगळं ऐकलं. विहिणीकडे पाहिलं. मला वाटलं, आता जुंपते. पण आत्या खाली बसली आणि म्हणाली, "पहिल्यांदाच माह्यं ऐकलं व माय तुम्ही. अन् तेही आज!"

तेवढ्यात दारात सायकलची घंटी. मुकादम! साहेबाची काळजी घ्यायला म्हणून मागोमाग आला होता. पेटी पाहिली, बाटल्या पाहिल्या, आणि त्याचे डोळे त्या बाटल्यांपेक्षा जास्त चमकले.

"वा! साहेब, मी काय म्हणत होतो? किती निर्मळ पाणी! खालच्या पाणवठ्याचं ना हे?"

साहेबानं तोंड उघडलं. मी त्याच्या आधी उघडलं.

"हाव मुकादमभाऊ, खालच्याच पाणवठ्याचं. पायलं ना तुम्ही तुमच्या डोयानं? बाटल्या भरल्या. आता साहेबाले मेहकरले जायचं हाय."

यातला एक शब्द खोटा नाही. मोजून पाहा.

साहेबाला पुढचं कळेना. आत्याला कळलं. ती पदर सावरून म्हणाली, "आम्ही बाया उगीचच बोंबलत होतो, भाऊ. तुह्या खदानीवर कामं खोळंबली असतीन. जाय बापा, तुह्यं काम कर."

मुकादम सायकलवर असा बसला, की पायडलला पाय लागायच्या आधीच निघाला. तो वळणाआड गेला आणि आत्या म्हणाली, "दोन दिवसांचा माल साचला हाय काठावर. रातच्याला कायले ठेवते तो? आता लोटते पाय."

साहेब आमच्याकडे बघत राहिला. "पण हे बरोबर आहे का?"

"साहेब," मी म्हटलं, "आम्ही त्याले लोट म्हटलं का? त्याले फक्त तुम्ही जाता म्हटलं. तुम्ही जाऊनच तं राह्यले. रस्ता जरा वरून हाय."

तिसऱ्या दिवशी उजाडता तिथली बाटली पुन्हा भरून घेतली आणि बंडी जुंपली. या वेळी ठकूबाईपण बंडीत चढली. "माह्यानं खराब झालं, तं मीच भरीन," म्हणाली. पेटीवर मात्र मी बसले. तिच्या हाताला राख आणि तुरटी दिसली तर मी जबाबदार नाही, हे आधीच सांगून ठेवलं.

आकाश निळं. पावसाचा थेंब नाही. आणि येडी खालून वर बघत गेलो तशी दुधासारखी होत चालली. करडं, दाट दूध. आमच्या पाणवठ्यावर बाया घागरी घेऊन नुसत्या उभ्या होत्या. ठकूबाई पाण्यात उतरली, बाटली बुडवली, वर काढली, आणि सवयीनं पदराचं टोक तोंडावर धरून गाळायला लागली. आम्ही तिघं एकदम ओरडलो. साहेबसुद्धा. तोपर्यंत तो बराच आमच्यातला झाला होता.

खदानीवर पोचलो तर टोपल्या रांगेनं चाललेल्या, आणि काठावर उभा राहून मुकादम हात हलवतोय, लोटा, लोटा. आम्हाला पाहून तो हात वरच राहिला.

"साहेब, तुम्ही गेले नाई?"

"जाऊन राह्यलो," साहेब म्हणाला. पुण्याच्या माणसाच्या तोंडून हे ऐकून मला आमच्या मातीचा अभिमान वाटला. मग तो टोपी सारखी करून म्हणाला, "मुकादम, पाऊस नाही, पूर नाही. आज नदीचा स्वभाव कसा काय बिघडला?"

मुकादमानं चहा विचारला. या वेळी आत्याही नको म्हणाली. खदानीच्या वर गेलो. तिथलं पाणी दोन दिवसांत उतरून आरशासारखं झालं होतं. ती शेवटची बाटली मी भरली, तोंड प्रवाहाकडे करून.

जानेफळच्या फाट्यावरून एस्टी धरली. कंडक्टरनं पेटीचं तिकीट मागितलं.

"काय हाय पेटीत?"

"चिखल."

"मस्करी करता का बाई?"

"उघडून पाय ना बे," आत्या म्हणाली. मग स्वतःचं तिकीट अर्धं काढायला लावू लागली, कारण दात अर्धेसुद्धा नाहीत. कंडक्टरनं पेटीचं सोडलं, आत्याचं पूर्ण घेतलं. मेहकरपर्यंत तो खड्ड्याखड्ड्याला मागे वळून पेटीकडे बघत होता. पुढं खिडकीची जागा धरा, मागं बसलात तर हाडं गोळा करत उतराल. हे तेव्हाही खरं होतं आणि परवा नात गेली तेव्हाही तिनं तेच सांगितलं.

मेहकरला साहेबानं पेटी ऑफिसात दिली. पोच घेतली. मग बिचारा निघायला लागला तर आत्या रस्त्यात उभी. "लोणार?"

लोणारला गेलो. त्या काळी तिथं दोनचार दुकानं आणि धूळ. चिवडा आणि चहा मिळायचा, चिवडा चांगला. दरीच्या काठावरून खाली पाहिलं तर हिरवंगार पाणी, गोल, परातीत ओतल्यासारखं. साहेब सांगू लागला की हे कसं झालं याबद्दल मोठमोठे लोक अजून भांडतायत. आत्यानं सगळं ऐकून घेतलं. खाली उतरलो, पाण्याजवळ गेलो तशी वासानं तिनं नाकाला पदर लावला.

"बापू, इतक्या दूर आणलं अन् हे पाणी पेताही येत नाई?"

"नाही, आजीबाई. खारं आहे."

"मंग ठकूबाईले आणायले पाह्यजे होतं. तिनं निवळलं असतं."

साहेब इतका हसला की खाली बसला. मी तिथं एका पायरीवर बसून बराच वेळ ते पाणी पाहिलं. सुंदर होतं, खोटं कशाला बोलू? पण मला सारखी आमची वाळू दिसत होती.

घरी आलो. जावेनं विचारलं, "काय पायलं?" म्हटलं, चिखल. ती हसली. खूप दिवसांनी.

पावसाळा सरता सरता सरकारचा कागद आला. ठेकेदारानं ढीग हलवायचा, नदीत काही टाकायचं नाही. ढीग हलला. मधे दगडाची भिंत घातली. आम्ही बायांनी दिवाळीनंतर वाळूवरचा गाळ टोपल्यांनी खरवडून काढला. त्या उन्हाळ्यात झिरा फुटला. पहिल्या पाण्यात अजून बारीक कच होती, दातांखाली यायची. पुढच्या वर्षी तीही गेली. जाऊ घागर घेऊन चढावर गेली नाही, आणि त्यानंतरच्या वर्षी तिला मुलगा झाला. त्याचं श्रेय मी साहेबाला दिलं, तर घरात दोन दिवस माझ्याशी कुणी बोललं नाही.

आता उरलं काय ते सांगते. ढीग हलला म्हणजे गेला कुठं, हे आम्ही कुणी विचारलं नव्हतं. टेकडीच्या पलीकडच्या उतारावर गेला. तिकडच्या ओढ्यावर दुसरं गाव. ज्या विहिरीवरून आम्ही पाणी आणायचो, तेच ते गाव. मला हे कळलं तेव्हा चांगलं वाटलं नाही. नुसतं चांगलं वाटलं नाही म्हणून बसून काय होतं? मी उठले आणि चालत गेले. त्यांच्या बायांना ओढ्यावर गाठलं. अर्ज कसा करायचा ते सांगितलं, साहेब कसा असतो ते सांगितलं, त्याला ठेचा देऊ नका म्हणून सांगितलं.

"अन् एक ध्यानात ठेवजा," मी म्हटलं. "बाटल्या आल्या की पाणी जसं हाय तसंच देजा. घासू नका, गाळू नका, तुरटी फिरवू नका. सरकारले घाणच पाठवायची हाय."

मग एकजण, माझ्याच वयाची, पदर सारखा करत म्हणाली, "पाव्हण्याले गढूळ पाणी कसं द्यायचं हो बाई?"

मी म्हटलं, "शिकावं लागते. चाल, मलेच दे आधी. तहान लागली. ओढ्याचं दे, जसं हाय तसं."

ती हो म्हणाली, तांब्या बुडवला, आणि माझ्याकडे पाठ केली. वळली तेव्हा पदराचं टोक ओलं होतं, आणि तांब्यातलं पाणी तळ दिसेल इतकं स्वच्छ.